भावाच्या लग्नासाठी १८ दिवस मायदेशी: दिवसांची वाटणी कशी करावी?

करवली_स्टुटगार्ट

नमस्कार. मी मूळची मिरजेची, लग्न होऊन नाशिकच्या घरात आले आणि गेली नऊ वर्षे पती व मुलीसह जर्मनीत स्टुटगार्टला राहते. माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरले आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दिवाळी आणि तुळशीचे लग्न दोन्ही पुढे सरकले आणि मुहूर्त निघाला तो थेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. लग्न मिरजेतच आहे, मुलगी कराडची आहे. मला प्रवास धरून १८ दिवस मिळत आहेत, पतीला १२ दिवसांपेक्षा अधिक रजा मिळणार नाही. मुलगी सहा वर्षांची असून सप्टेंबरपासून पहिलीत जाणार आहे आणि इथल्या शाळेला नाताळची सुट्टी लागायला तेव्हा दोन-अडीच आठवडे अवकाश असेल.

माझा खरा प्रश्न या १८ दिवसांच्या वाटणीचा आहे, आणि तो विचारण्यामागे एक जुनी खंत आहे. २०१९ मध्ये चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी पाच दिवस गेले होते आणि हळदीच्या आदल्या रात्री घरी पोहोचले होते. सकाळी पदर खोचून स्वयंपाकघरात गेले, तर काकूने माझ्या हातातले पातेले काढून घेतले आणि ‘तू दमून आली आहेस, पंख्याखाली बस’ असे म्हणून मला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवले. शेजारच्या वहिनींनी चहा आणून दिला, तोही घरातल्या रोजच्या कपातून नव्हे, तर पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीतून. त्यांचा हेतू मायेचाच होता. पण ज्या घरात मी वाढले तिथे पुढचे चार दिवस मला कोणी एकही काम सांगितले नाही, कारण सगळी कामे आधीच वाटली गेली होती. आईशी मी सलग बोलले ते मुंबईला परत येताना गाडीत, तेही कराडपर्यंतच. पुढे ती थकून झोपी गेली.

आता तर सख्ख्या भावाचे लग्न आहे, मी एकुलती एक करवली आहे आणि चार वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून घरात आई व भाऊ दोघेच असतात. देवकाला काका-काकू बसणार आहेत. मी लग्नाच्या आधी जास्त दिवस ठेवावेत की नंतर? नाशिकला किती दिवस द्यावेत? सासूबाईंनी स्वतःहून काही म्हटलेले नाही, पण दोन वर्षांत त्यांनी नातीला प्रत्यक्ष पाहिलेले नाही, याची मला जाणीव आहे. त्यातच माझ्या निवास परवान्याची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते आणि नूतनीकरणाची भेट अद्याप मिळालेली नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठची_मावशी

ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. मी सांगलीची, वयाने बहुधा तुमच्या आईच्या बरोबरीची. दोन मुलांची आणि तीन पुतण्यांची लग्ने मी या हातांनी काढली आहेत, म्हणून अधिकाराने सांगते: शक्य असतील तेवढे दिवस लग्नाच्या आधी ठेवा आणि निदान दहा दिवस आधी पोहोचा.

लग्नघरातले काम लग्नाच्या दिवशी नसतेच. त्या दिवशी कार्यालयाचे लोक, आचारी आणि भटजी सगळे पार पाडतात. घरच्या माणसाचे काम त्याआधी असते. देण्याघेण्याच्या साड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या असतात, कोणाला प्रत्यक्ष जाऊन अक्षत द्यायची आणि कोणाला फोनवर सांगितले तरी चालेल हे ठरवायचे असते, केळवणांच्या तारखा जुळवायच्या असतात, अक्षतांचे तांदूळ निवडायचे असतात. हे तांदूळ निवडणे मी मुद्दाम सांगते. परातीभोवती चार बायका बसल्या की दोन तास हात चालतात आणि तोंडेही चालतात. लेक आईशी जे बोलू शकत नाही ते त्या परातीवर बोलून होते, कारण दोघींची नजर तांदळात असते. एकदा देवक बसले, पाहुणे भरले, की आईला तुमच्याकडे मान वर करून बघायलाही सवड होणार नाही.

आता जे लिहिते आहे ते जरा नाजूक आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. तुमचे वडील नाहीत. जात्यावर घाणा भरताना, हळकुंडे फोडताना, नवरदेवाला हळद लावताना तुमच्या आईने पुढे व्हायचे की मागे राहायचे, हा प्रश्न त्या घरात नक्की निघेल. बहुतेक वेळा तो मोठ्याने कोणी विचारत नाही. कोणीतरी मोठी बाई ‘पाच सवाष्णी या’ म्हणते आणि मुलाची आई आपण होऊन भिंतीकडे सरकते. मी हे माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत पाहिले आहे. तिच्या मुलाच्या हळदीला ती कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसली होती, आणि ते नारळ आदल्या दिवशीच मोजून झाले होते. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्या मिरजेपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे हे बंद करायचे, असे त्या ठरावात होते आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. पण ठराव गावाचा असतो आणि हळद घरातली असते. घरात हे ऐन वेळी ठरत नाही. ऐन वेळी बोलणारी मुलगी ‘परदेशातून येऊन आम्हाला शिकवते’ अशी ठरते, आणि मान खाली जाते ती आईची. दहा दिवस आधी येऊन, तांदूळ निवडता निवडता, काकूंना विश्वासात घेऊन, भावाच्या तोंडून ते वदवून घेतले तर कोणाचा अपमान होत नाही. नवरदेवाने स्वतः म्हटले की पहिली हळद आई लावणार, तर त्याला नाही म्हणणारे मोठे माणूस मी अजून पाहिलेले नाही.

फ्रांकफुर्टचा_पाहुणा

मावशींनी मनाचे लिहिले आहे, मी कागदांचे लिहितो, कारण कागद जुळले नाहीत तर पुढची वाटणी करण्याची वेळच येणार नाही.

नूतनीकरणाचा अर्ज सध्याच्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच दाखल करा आणि तो पोहोचल्याची लेखी पोच जपून ठेवा. नवे कार्ड वेळेत मिळाले नाही तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र मागून घ्या. ते हातात पडताच आतल्या पानावर कोणत्या कलमावर खूण केली आहे ते पाहा. निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदावर खूण असेल तर तुमचा जुना परवाना पुढे चालू असल्याचे मानले जाते आणि तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता. तिसऱ्या परिच्छेदावर खूण असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. मुदतीत अर्ज केलेल्या तुमच्यासारख्या व्यक्तीला साधारणतः चौथा परिच्छेदच लागू होतो, तरीही स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्या आणि प्रमाणपत्राची मुदत परतीच्या तारखेच्या बरीच पुढची आहे ना, हेही पाहा. प्रवासात पारपत्र, मुदत संपलेले कार्ड आणि हे प्रमाणपत्र तिन्ही एकत्र लागतात.

परतीचे विमान मुंबईहून थेट फ्रांकफुर्ट किंवा म्युनिकचे घ्या, थोडे महाग पडले तरी. मी स्वतः एकदा स्वस्त तिकिटाच्या मोहाने दुसऱ्या देशात विमान बदलून आलो होतो. मुंबईच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला हा घडीचा कागद ओळखता येईना आणि वरिष्ठांना बोलावून खात्री करण्यात पाऊण तास गेला. विमान मिळाले, पण त्या पाऊण तासात माझ्या वृद्ध वडिलांना मी काचेपलीकडे उभे पाहत होतो. काही अडचण आली आहे एवढेच त्यांना दिसत होते. ते पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

शाळेबाबत: जर्मनीत शाळेत जाणे कायद्याने सक्तीचे आहे आणि पालकांनी परस्पर मूल घरी ठेवले तर दंड होऊ शकतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कुटुंबातील लग्न या कारणासाठी मुख्याध्यापक सवलत देऊ शकतात, पण ती बहुधा मोजक्याच दिवसांची असते. आजारपणाचे निमित्त अजिबात सांगू नका. लग्नपत्रिकेची प्रत आणि जर्मन भाषेतील चार ओळींचा अनुवाद जोडून सप्टेंबरमध्येच अर्ज करा. मामाच्या लग्नात भाचीला काय मान असतो हे त्या अर्जात लिहा, इथले शिक्षक ते आस्थेने वाचतात. एवढे करूनही अठरा दिवस मिळतील असे वाटत नाही. म्हणून माझी सूचना अशी की तुम्ही एकट्या पुढे निघा आणि पती मुलीला घेऊन लग्नाच्या तोंडावर येतील.

दागिन्यांचे थोडक्यात सांगतो. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने भारतात शुल्काशिवाय नेता येतात, नाणी आणि सोन्याची बिस्किटे त्यात धरत नाहीत. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घ्या. परत येताना अडचण उलट बाजूने येते. भावाने करवलीच्या मानाचा दागिना दिला तर ४३० युरोंच्या पुढची खरेदी किंवा भेट जर्मन विमानतळावर लाल मार्गाने जाऊन सांगावी लागते. स्वतःचे जुने दागिने नेणार असाल तर त्यांची छायाचित्रे आणि पावत्या जवळ ठेवा. तूप, पेढे किंवा दुधाचे इतर पदार्थ सामानात घेऊ नका, भारतातून असे पदार्थ युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे.

गोदाकाठची_सून

मीही नाशिकचीच सून आहे, माहेर साताऱ्याचे आणि सध्या वास्तव्य नेदरलँड्समध्ये. आधीच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण सासरचा विषय त्यांत राहून गेला.

सासरचा मुक्काम शेवटी ठेवू नका. आम्ही तसे केले होते. माझ्या बहिणीचे लग्न आटोपून दोन दिवसांसाठी नाशिकला गेलो, तेव्हा मी आजारी, मुलगा किरकिरा आणि चारही बॅगा दिवाणखान्यात उघड्या होत्या. सासूबाईंनी माझ्यासाठी उकडीचे मोदक केले होते आणि मी एकच खाऊन झोपून गेले. त्यांनी मनात ठेवले नाही, परंतु त्यांच्या वाट्याला आमचा थकवाच आला, हे मला विसरता येत नाही.

तुमच्या बाबतीत वाट सोपी आहे. पती मुलीला घेऊन मुंबईत उतरतील तेव्हा त्यांनी थेट नाशिकला जावे. आजी-आजोबांना नात दोन-तीन दिवस पूर्णपणे मिळेल आणि मग ती सगळी मंडळी मिळून लग्नाला मिरजेला येतील. नाशिक ते मिरज हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, वडीलधाऱ्यांना एका दिवसात फार होते, म्हणून पुण्याला रात्रीचा मुक्काम करावा. मात्र यासाठी एक गोष्ट नीट व्हायला हवी. सासूसासऱ्यांना निमंत्रण तुमच्याकडून किंवा फोनवरून जाता कामा नये. तुमच्या भावाने स्वतः नाशिकला जाऊन, देवापुढे पत्रिका ठेवून, दोघांच्या हातावर अक्षत द्यावी आणि ‘ताई आमच्याकडे आधी येते आहे, तिला दहा दिवस आमच्याकडे ठेवण्याची परवानगी द्या’ असे मोकळेपणाने म्हणावे. ज्या घराला विचारले जाते ते घर सहसा नाही म्हणत नाही. रुसवा होतो तो गृहीत धरल्यावर.

लग्नानंतर तुम्ही सर्वांबरोबर नाशिकला जाऊन दोन रात्री राहा आणि तिथूनच मुंबईला निघा. सूनही घरी आली, नातही राहिली.

नवी_भावजय

मी फारसे लिहीत नाही, पण इथे आधी की नंतर असा प्रश्न आहे आणि नंतरच्या बाजूने कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मी लग्न होऊन सासरी आले. माझी एकच नणंद, ती सिंगापूरला असते. माप ओलांडून मी घरात आले त्या रात्री ती माझ्याजवळ बसली, माझ्या केसांतल्या पिना तिने एकेक करून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमानासाठी निघून गेली. पुढचे चार दिवस सत्यनारायण, देवदर्शन, गोंधळ असे कार्यक्रम होते. सासूबाई प्रेमळ आहेत, पण सकाळी आंघोळीला आधी कोणी जायचे, सासऱ्यांना चहा साखरेचा लागतो की बिनसाखरेचा, पूजेला कोणती साडी नेसायची, हे पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्यांना कसे विचारणार? नवऱ्याला त्यातले काही माहीत नव्हते. ती नणंद आणखी दोनच दिवस थांबली असती तर किती बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

ताई, तुमच्या घरात येणाऱ्या मुलीला सासरे नाहीत, घरात सासूबाई आणि नवरा एवढेच. तिला घराच्या रीती सांगणारे दुसरे कोण आहे? सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत तरी थांबा.

कृष्णाकाठची_मावशी

नव्या भावजयीचे म्हणणे मला पटले. माझ्या उत्तरात तो विचार आला नव्हता. आधीचे दहा दिवस मी नऊ करते आणि पूजेपर्यंत थांबा, असे मीही म्हणते.

करवली_स्टुटगार्ट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या काळात बऱ्याच गोष्टी मार्गी लावल्या आणि त्या कळवल्याशिवाय इथे येऊ नये असे वाटले.

मी एकटीच लग्नाच्या नऊ दिवस आधी निघते आहे. मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला जाईन. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, ती तारीख भावाने लिहून ठेवली आहे. पती आणि मुलगी पाच दिवसांनी निघतील आणि आधी नाशिकला जातील. शाळेत अर्जाबद्दल बोलून ठेवले आहे, सप्टेंबरमध्ये पत्रिकेसह तो देईन. निवास परवान्याचा अर्ज दाखल झाला, पोच मिळाली आणि परतीचे तिकीट थेट विमानाचेच काढले. लग्नानंतर सत्यनारायणापर्यंत मिरजेत, मग दोन रात्री नाशिकला. भाऊ परवाच्या रविवारी नाशिकला जाऊन अक्षत देऊन आला. सासूबाईंनी त्याला जेवल्याशिवाय सोडले नाही आणि रात्री मला फोन करून विचारले की तुझ्या आईला कोणता रंग आवडतो, मला त्यांच्यासाठी पैठणी घ्यायची आहे. पैठणी हिरवी किंवा लाल घेऊ का, असेही त्यांनीच विचारले. वडील गेल्यापासून आईला कोणी हिरवी साडी दिलेली नाही. मी हिरवी सांगितली.

मावशी, तुमच्या पत्राबद्दल वेगळे लिहायला हवे. तुम्ही जे लिहिले ते माझ्या मनात आलेच नव्हते आणि याची मला लाज वाटली. मी आईला फोन केला. तिने आधी विषय बदलला, मग म्हणाली, ‘शुभकार्यात कशाला वाद, काकू करतील सगळे.’ मी तेव्हा पुढे काही बोलले नाही. भावाशी बोलले. त्यानेही आधी कधी विचार केला नव्हता. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की हळद पहिल्यांदा आईच्या हाताने लागणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही. दुसऱ्या दिवशी तो काकांच्या घरी जाऊन हेच शांतपणे सांगून आला. काकूने मला फोन केला तेव्हा माझी छाती धडधडत होती, पण ती म्हणाली, ‘मला दोन वर्षांपासून वाटत होते, पण थोरल्या जावेला कसे सांगावे हे कळत नव्हते. घाण्याला ती माझ्या शेजारी बसेल.’

आईने यावर मला आजतागायत काहीही म्हटलेले नाही. मात्र काल भावाने फोनवरून दाखवले: माळ्यावर वडिलांच्या आजारपणापासून पडून असलेले जाते तिने खाली उतरवून घेतले आहे. जात्याला टाकी लावणारा माणूस आता सहज मिळत नाही, म्हणून भाऊ म्हैसाळहून एका म्हाताऱ्या कारागिराला दुचाकीवर बसवून घेऊन आला. तो अंगणात बसून ठोके घालत होता आणि आई पायरीवर गुडघा लांब करून, मूठभर तांदूळ हातात घेऊन, जाते नीट दळते का हे बघायला थांबली होती.